भुरीच्या पाठीवरची जागा

दवाखान्याच्या चढावर भुरी हुंबायची थांबली आणि थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली.

चढ नेहमीचाच होता. भुरीच्या दोन्ही अंगांना टोपल्या, टोपल्यांत औषधांची खोकी, पाठीवर थोरली. एरवी या पायऱ्या चढताना भुरीच्या छातीतून अशी घरघर निघायची की थोरलीच्या मांड्या आतून थरथरायच्या. आज भुरी चढत होती, पाय नेमके टाकत होती, दमलीही नव्हती, पण छाती गप्प. हुंबर नावाचं हे जनावर उपाशी असलं तरी हुंबतं, पायात काच रुतली तरी हुंबतं. मादी गप्प होते ती फक्त पोटात जीव धरल्यावर. का, ते कुणालाच माहीत नाही. आत्या म्हणते, आतल्याची झोप मोडू नये म्हणून.

म्हणजे थोरली घोटा मोडून खाटेवर पडली होती तेव्हा कुणीतरी भुरीला नराकडे नेलं होतं. ते कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ज्यांनी हुंबर लांबूनच पाहिलंय त्यांना यात रागावण्यासारखं काय ते कळायचं नाही. जनावर गाभण राहिलं तर लोक खूश होतात. पण हुंबराचं गणितच वेगळं. त्याला खोगीर लागत नाही. मादीच्या पाठीत, खांद्यांच्या जरा मागे, एक खोलगट जागा असते. दोन्ही कडांना चरबीचे जाड वळ, मध्ये मऊ दाट केस, आणि बाकीच्या अंगापेक्षा तिथली कातडी जास्त ऊबदार. तिला सगळे पाळणा म्हणतात, आणि उगाच लाडानं नाही म्हणत. तो पाळणाच आहे. पिल्लू जन्मलं की आंधळंच असतं. तरी घटकाभरात आईच्या मागच्या पायाला बिलगून, शेपटी धरून वर चढतं आणि तिथं जाऊन बसतं. पाळण्याच्या तळाशी कातडीतून दूध पाझरतं. ते चाटायचं, झोपायचं, वाढायचं. दोनेक वर्षांनी पिल्लू स्वतः हुंबायला लागलं की आई पुढचे पाय दुमडते, त्याला घसरवून खाली टाकते आणि पुन्हा कधी वर घेत नाही. याला उतरवणं म्हणतात. पिल्लू चार दिवस रडतं आणि मग मुकाट्यानं चरायला लागतं.

आता यात माणूस कुठून आला? चोरीनं आला, दुसरं काय. पिल्लू पडलं की आईनं चाटायच्या आत ते उचलायचं. त्याच्या अंगाची ओल स्वाराच्या मांड्यांना, गुडघ्यांना, छातीला फासायची आणि स्वाराला पाळण्यात बसवायचं. नुकती व्यालेली मादी तासभर कोरी असते, आधीची सगळी ओळख पुसलेली. त्या तासात जो ओला होऊन पाळण्यात बसेल तो तिचं लेकरू. ती मान वळवते, त्याचे गुडघे चाटते, की झालं काम. पुढे ती दुसऱ्या कुणाला पाठीवर टेकू देत नाही. आणि माणसाला काही हुंबता येत नाही, त्यामुळे उतरवायची वेळही तिला कधी कळत नाही. चांगलं घोडमं झालेलं माणूस ती लेकरू समजून मरेपर्यंत वाहत राहते. धंद्यातली मंडळी याला माणसाची अक्कल म्हणतात. खरं पिल्लू त्याच दिवशी खालच्या बाजारात जातं, आणि तिथं त्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

म्हणून स्वार आपल्या मादीला नरापासून जिवापाड जपतो. ती दुसऱ्यांदा व्याली की तो तिला अनोळखी. आणि थोरलीनं भुरीला तसंच जपलं होतं. घोटा मोडेपर्यंत.

खोकी दवाखान्यात टाकून ती तशीच उलट फिरली. तबेल्याच्या अंगणात बाप एका टोपलीचा फाटका तळ विणत बसला होता. धाकटा दारात उभा राहून काहीतरी चघळत होता. आत्या, म्हणजे बापाची मोठी बहीण, हौदाजवळ बादल्या घासत होती.

"हिला नराकडे कोणी नेलं?" थोरलीनं उतरायच्या आतच विचारलं.

बापानं मान वर केली नाही. "आधी पाणी तर पी."

"पाणी गेलं खड्ड्यात. कोणी नेलं?"

"मी नेलं. जनावर माझं आहे."

"आणि स्वार?"

"स्वार काय, आज तू आहेस, उद्या दुसरा." बापानं दातानं दोरी तोडली. "धाकट्याचं काहीतरी बघायला नको? दुकानातून काढलं, गोदामातून काढलं, बेकरीत तर दुपारपर्यंतही टिकला नाही. पाठीवर नुसतं बसायला काही अक्कल लागत नाही. तेवढं तरी त्याला जमेल."

"म्हणजे मी बावीस वर्षं बिनअकलेची बसले होते का?"

"शब्दात पकडू नकोस. तुझा घोटा एकदा मोडला. उद्या परत मोडला तर? आणि तू काय जन्मभर इथंच राहणार आहेस?"

"मग कुठं जाऊ? सांगा ना, कुठं जाऊ?"

बापानं दोरी पुन्हा ओवायला घेतली. धाकटा दारातून म्हणाला, "ताई, इतकं काय चिडायचं? तुलाही जरा आराम."

"तू तोंड उघडू नकोस. आयत्या बिळावर नागोबा."

"अरे, पण पोरीला विचारायचं तरी होतंस," आत्या बादलीत डोकं घालूनच बोलली.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असती का?"

"नसती म्हणाली."

"मग?" बाप म्हणाला, जणू काही मोठा मुद्दा जिंकलाय.

थोरली खाली उतरली. आणखी थांबली असती तर तिच्या हातून टोपली बापाच्या डोक्यात गेली असती. ती भुरीला आत घेऊन गेली आणि तिच्या मानेला डोकं टेकून उभी राहिली. भुरीनं सवयीप्रमाणे मान वळवून तिचा गुडघा हुंगला, पँटचं कापड नाकानं वर सरकवलं आणि चाटला. रोज सकाळी, कामाला निघायच्या आधी भुरी तिचे दोन्ही गुडघे चाटायची. थोरलीचे हात दोऱ्या ओढून राठ झाले होते, चेहरा उन्हानं रापला होता, पण गुडघ्यांची कातडी अजून लहान मुलीसारखी मऊ होती. ही गोष्ट आत्या सोडून कुणाला माहीत नव्हती.

थोरली आठ वर्षांची असताना धाकट्याच्या बाळंतपणात त्यांची आई गेली. धाकटा आत्याच्या मांडीवर गेला. थोरलीचं काय करायचं हे कुणाला सुचेना. त्याच आठवड्यात भुरी पहिल्यांदा व्याली. बापानं मागचापुढचा विचार न करता पोरीला ओल फासली आणि वर बसवून टाकली, एक काम झालं आणि पोरही गप्प बसलं. वर बसलेल्या पोरीला खालून ऊब लागली, दुधाचा वास आला, आणि कुणीतरी खडबडीत जिभेनं तिचे गुडघे पुन्हा पुन्हा चाटले. आईनंतर तिला पहिली झोप लागली ती तिथं. आता ती जागा धाकट्याला हवी होती. आई त्याच्या पायी गेली, हे थोरलीनं त्याला उभ्या जन्मात कधी बोलून दाखवलं नव्हतं. भुरीला मात्र ती सोडणार नव्हती.

त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. थोरली धाकट्याशी बोलायची ती आत्यामार्फत, तो समोर बसलेला असला तरी. "आत्या, त्या राजपुत्राला सांग, पाय आवर." धाकटा पाय आवरायचा. बापानं त्याच्या सरावासाठी अंगणात एक रिकामं पिंप आडवं टाकलं, त्यावर गोणपाट घातलं, आणि धाकटा रोज त्यावर बसून तोल सांभाळायला शिकू लागला. पिंप दर वेळी डावीकडे गडगडायचं. बाप खेकसायचा, "गुडघे दाब, गुडघे! पिंपाला काय भितोस?" थोरली भुरीचा चारा कापता कापता हे बघायची आणि विळा जरा जास्तच जोरात चालवायची.

भुरीचं पोट भरत गेलं. तिच्या टोपल्या थोरलीनं स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. भुरी नुसती रिकामी, सोबतीला चालायची, एकदम गप्प. लोक म्हणायचे, किती शांत झालंय जनावर, चांगलं वळण लावलंय. थोरली त्यांना उत्तर द्यायची नाही. दिल्या असत्या त्या शिव्याच.

शेवटी बापानं बेत सांगितला. व्यायच्या वेळी भुरी थोरलीशिवाय कुणाला जवळ येऊ देणार नाही, तेव्हा थोरलीनं मान धरायची. पिल्लू पडलं की बापानं उचलायचं, धाकट्याला ओल लावायची, थोरलीनं बाजूला व्हायचं.

"बरं," थोरली म्हणाली.

बाप खूश झाला. आत्यानं मात्र हातातलं फडकं खाली ठेवलं. "ही नुसतं बरं म्हणाली? मग काहीतरी शिजतंय."

शिजत होतंच. थोरलीनं ट्रंकेतून जुना, धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा काढून ठेवला होता, पाणी चटकन पिणारा. कोठडीच्या दाराची सैल कडी तिनं दगडानं ठोकून सरळ केली होती. ओल आधी आपण लावायची, पाळण्यात आधी आपण बसायचं, मग बापानं काय करायचं ते करावं. पिल्लाचं पुढे काय, हा विचार तिच्या मनात आला नाही. या धंद्यात तो कुणाच्याच मनात येत नाही.

भुरी व्याली ती भर दुपारी. उभ्यानंच, मान खाली घालून, एकदाच मोठा श्वास सोडून. पिल्लू पेंढ्यावर पडलं, करडं, चकचकीत, डोळे मिटलेलं, पायांना सहा-सहा बोटं आणि प्रत्येक बोटाला आकडीसारखं नख. बाप दाराशी घमेलं घेऊन उभा होता, त्याच्यामागे धाकटा, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, परीक्षेला निघाल्यासारखा. थोरलीनं भुरीची मान सोडली, दोन ढांगांत दार गाठलं, बापाच्या तोंडावर ते लोटलं आणि कडी घातली.

"अगं ए! थोरले! कडी काढ!"

"काढते की. संध्याकाळी."

तिनं पिल्लू मांडीवर घेतलं. छाती, मांड्या, गुडघे, भराभर घासत सुटली. सदरा चिकट झाला, अंगाला गरम, खारट वास यायला लागला. बाहेर बाप दाराला खांदा देत होता. फळी करकरली. कडी उखडते की काय म्हणून थोरलीनं पिल्लू पेंढ्यावर ठेवलं, ती उकिडव्यानं वळली आणि पिल्लाकडे पाठ करून, वाकून, दाराला हातानं रेटा देऊ लागली.

तिथंच घोळ झाला. हुंबराच्या घरात पोराला चालता यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात, की नव्या पिल्लासमोर वाकायचं नाही. त्याला काही दिसत नसतं. समोर ऊबदार पाठ लागली की ते चढतं, मग ती कुणाचीही असो. थोरलीनं हे दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण राग आला की माणूस स्वतःचंच शहाणपण विसरतं.

आधी तिच्या कमरेत नखं रुतली. मग फासळ्यांत. भरल्या बादलीएवढं ते ओझं लडबडत तिच्या पाठीवरून वर आलं, चार पायांनी तिला आवळून बसलं आणि ओलं तोंड तिच्या मानेत खुपसून चाटायला लागलं.

त्याच क्षणी कडी उखडली. दार उघडलं आणि बाप, धाकटा, मागे आत्या, तिघं जागच्या जागी थांबले.

"घ्या," आत्या म्हणाली, "पोरीला मूल झालं!" आणि हौदाच्या काठाला धरून हसत सुटली.

"काढा याला!" थोरली ओरडली. बापानं पिल्लू ओढलं. नखं आणखी खोल गेली. "नका ओढू, नका! कातडी निघेल माझी!"

तास तर सुरू झाला होता. बाप काही असा तसा हरणारा नव्हता. त्यानं गोणपाटानं पेंढ्यावरची उरलीसुरली ओल टिपली, धाकट्याच्या मांड्यांना खसाखसा चोळली, त्याला बखोटीला धरून पायरीच्या दगडावर उभा केला आणि पाळण्यात ढकलला. भुरी हलली नाही. धाकटा वर ताठ बसला. त्याच्या तोंडावर हसू फुटलं. "बाबा, बसलो! ताई, बघ, बसलो!"

भुरीनं मान वळवली. गुडघा हुंगला. त्याला पेंढ्याचा वास होता, गोणपाटाचा वास होता, पिंपातल्या गंजाचा वास होता. तिनं पाठ अशी काही झटकली की धाकटा दारातून बाहेर, थेट हौदात गेला. पाणी उडून आत्या नखशिखांत भिजली आणि तिचं हसू आणखी वाढलं.

"हसू नकोस ना, आत्या," धाकटा पाण्यात बसून म्हणाला.

बापानं भुरीकडे पाहिलं. मग त्यानं गोणपाट खाली टाकलं. "ठीक आहे. थोरले, तूच बस. निदान जागा तरी घरातच राहील."

जिंकली की! एवढे महिने ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते बाप स्वतःच्या तोंडानं देत होता. थोरली पायरीच्या दगडावर चढली, पाठीवर पिल्लू तसंच. तिनं एक पाय भुरीच्या अंगावर टाकायला उचलला. पाळण्याच्या तळाशी पांढरे थेंब जमायला लागले होते. तो वास पिल्लाच्या नाकात गेला. त्यानं तिची मान सोडली, तिच्या खांद्यावरून, तिच्या केसांत नखं अडकवत, डोकं खाली करून ते घसरलं आणि पाळण्यात जाऊन पडलं. एकदा गोल फिरलं, अंगाचं मुटकुळं केलं आणि चाटायला लागलं.

थोरलीचा एक पाय दगडावर आणि एक हवेतच राहिला. पाळण्यात एकाचीच जागा असते.

"काढ त्याला," बाप म्हणाला. "मानगूट धर आणि ओढ. वेळ चाललाय."

"ओढ, ताई," हौदातून धाकटा.

तिनं मानगूट धरली. ओढली. पिल्लानं भुरीच्या कातडीचे वळ पुढच्या पायांच्या बाराही बोटांनी धरले, कातडी ताणली गेली, आणि पिल्लू ओरडलं.

तो आवाज थोरलीनं आधी ऐकला होता. बावीस वर्षांपूर्वी, याच पाळण्यात बसून, गुडघे चाटून घेताना, भिंतीपलीकडून तो संध्याकाळपर्यंत येत होता. आठ वर्षांच्या थोरलीला त्याचा राग आला होता. कोण हे ओरडतंय, गप्प का बसत नाही, मला झोपू का देत नाही, असं तिला वाटलं होतं. मग आवाज थांबला आणि तिला झोप लागली.

तिनं हात काढला.

तिला दया आली, असं कुणी म्हणू नये. ती मुळीच दयाळू बाई नाही. तिला संताप आला होता, डोळ्यांपुढे अंधारी यावी असा, आणि पहिल्यांदाच तो धाकट्यावर नव्हता.

"काय झालं?" बाप पुढे आला. "तुला जमत नसेल तर मी काढतो. त्या वेळीही मीच काढलं होतं."

थोरली दगडावरून उतरली. भिंतीला शेणाचं फावडं टेकवलेलं होतं, ते तिनं उचललं आणि भुरीच्या पुढे उभी राहिली.

"पुढे यायचं नाही."

"अगं, वेड लागलं का? तास संपला तर कुणीच बसणार नाही हिच्यावर! तू नाही, तो नाही, कुणीच नाही!"

"नको बसायला."

"पिल्लू पाठीवर असलेली मादी ओझंही घेत नाही! धंदा कोणी करायचा?"

"दोघं बापलेक टोपल्या घ्या पाठीला. पाठ आहे ना तुम्हाला? आहे ना?" तिचा आवाज फाटला. "या घरात कुणाला बसायला जागा द्यायची तर आधी कुणालातरी ओढून काढायचं, एवढंच येतं तुम्हाला. मला बसवलंत तेव्हा त्याला काढलंत. याला बसवायचं म्हणून मला काढत होतात. आता बास."

"सगळ्यांना उपाशी मारशील!"

"पुढे या आणि बघा तरी."

बापानं एक पाऊल टाकलं. फावडं त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर फरशीवर आपटलं, ठिणगी उडाली. आत्या आता हसत नव्हती. "राहू दे रे," ती भावाला म्हणाली. "राहू दे. हिच्या तोंडाकडे बघ जरा." बाप थांबला. मग पिंपावर जाऊन बसला. पिंप डावीकडे गडगडलं आणि तो उठला, पण या वेळी कुणाला हसू आलं नाही.

मागे भुरीनं मान वळवली होती. थोरलीनं चोरून पाहिलं. अंगाला तर तिच्याही ओल होती. छाती, मांड्या, गुडघे, सगळं चिकट होतं. भुरीनं तिला हुंगलं, वरपासून खालपर्यंत, नीट. मग पाळण्यातल्याला हुंगलं आणि त्याला चाटायला लागली. कपाळ, कान, मिटलेले डोळे. थोरली तिथंच उभी राहिली, तेव्हा भुरीनं कपाळानं तिला एक धक्का दिला. जोराचा नाही, वाटेतलं गाठोडं बाजूला सारावं एवढाच. थोरली भिंतीला जाऊन टेकली.

आणि मग भुरी हुंबली. इतक्या महिन्यांनी. कोठडीचं दार, हौदातलं पाणी, थोरलीच्या हातातलं फावडं, सगळं त्या आवाजानं थरथरलं. पाळण्यात पिल्लू झोपून गेलं होतं.

तास उलटेपर्यंत थोरली फावडं धरून उभी होती. कुणी पुढे आलं नाही. नंतर ती अंगणात आली, तेव्हा आत्यानं तिचा सदरा मागून वर केला आणि नखांच्या जखमा धुतल्या. धाकटा पिळलेले कपडे दोरीवर टाकत होता. तो मध्येच म्हणाला, "ताई, उद्या गॅसची सिलिंडरं पोचवायची आहेत. मी दोन घेईन." थोरलीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला थेट उत्तर दिलं. "चार घेशील," ती म्हणाली.

सकाळी ती उठली आणि सवयीनं कोठडीत गेली. सवयीनंच पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर केले. केल्यावर लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर तिला असा राग आला की तिनं ते खाली केलेच नाहीत. तशीच उभी राहिली, उघडे गुडघे पुढे करून. पाळण्याच्या कडेवरून दोन कान दिसत होते.

"चाट ना गं," ती म्हणाली. "बावीस वर्षं चाटलेस. मेले, एकदा चाटलंस तर जीभ झिजेल का तुझी?"

भुरीनं मान लांब केली. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचाही हुंगावा तसा तिचा गुडघा हुंगला आणि मान परत पाळण्याकडे वळवली.

थोरली जराशी उभी राहिली. मग वाकली, पँटचा एक पाय खाली केला, दुसरा केला.

"बरोबर आहे," ती चिडून म्हणाली. "बरोबरच आहे तुझं." आणि रिकामी बादली उचलून भुरीला पाणी आणायला गेली.